माई ठोंबरे गाडी बघायला येतात

दोन हजार एकोणीस साल. मी सत्तर वर्षांचा होतो. सरकारी ड्रायव्हरकीतून सुटून बराच काळ झाला होता, पण हात, नजर आणि तोंड तिन्ही चालू होती. माई ठोंबरे माझ्याहून वर्षभराने लहान. तरी मी त्यांना माईच म्हणायचो. अख्खी कॉलोनी माई म्हणत होती, आणि एकट्याने वेगळं काही म्हणायचं तर कारण सांगत बसावं लागतं.

माईंना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. सचिवालयात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि अधीक्षक होऊन रिटायर झाल्या, तोवर जाणं-येणं बसने नाहीतर पायी. तरी भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या आणि टी. टी. नगरातल्या मराठी घरांत माईंनी बघितल्याशिवाय गाडी येत नसे. मुलगी बघायला जाताना घरातलं एक जाणतं माणूस नेतात, तसं गाडी बघायला माईंना न्यायचे.

हे सुरू कसं झालं तर फार पूर्वी शेजारच्या कुणीतरी त्यांना सहज सोबत नेलं होतं. माई म्हणाल्या, ही नको. का नको ते सांगितलं नाही. ती गाडी दुसऱ्या कुणी घेतली आणि ती रोशनपुऱ्याच्या चढावर भर बाजाराच्या वेळी बंद पडली. झालं. त्या दिवसापासून माईंना गाडीतलं कळतं असं ठरलं. चढावर गाड्या बंद पडतच असतात हे मी लोकांना सांगून बघितलं. मी आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस, एका मंत्र्याची बाहेरून आलेली गाडीसुद्धा चालवलेला. पण माझं काम फक्त शोरूमवाल्याची गाडी एक चक्कर फिरवून आणायचं. पुढे मी, मागे माई. मत माईंचं.

माईंची गाडी बघायची रीत अशी. आधी गाडीभोवती एक फेरी. मग किल्ल्यांच्या जुडग्याने दारावर टकटक, मडकं वाजवून घेतात तशी. मग मागचं दार उघडून आत बसायचं, चपला खाली काढून ठेवायच्या आणि सीटवर मांडी घालायची. नीट मांडी घालता आली तर पुढे बोलायचं. नाही आली तर खाली उतरायचं आणि चपला घालायच्या. शोरूमची पोरं इंजिनबद्दल सांगत राहायची, माई ऐकूनही घ्यायच्या नाहीत. "इंजिन गुलाबराव बघतील," म्हणायच्या. पण मी बघून काय सांगितलं ते कुणी विचारायचं नाही.

मांडी जमली की चौकशी. "बेटा, ये गाडी कहाँ की है?"

"माताजी, कंपनी की है."

"वो तो दिख रहा है. मूल गाँव कौनसा?"

एकदा एक पोरगा म्हणाला, हरियाणा. माईंनी मान हलवली. "तिकडची आहे," मला म्हणाल्या, जणू गाडीला ऐकू जाऊ नये. माईंचे वडील मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून कचेरीच्या टेबल-खुर्च्यांबरोबर आले. माई तेव्हा फ्रॉकात. त्यानंतर महाराष्ट्रात त्या लग्नकार्यापुरत्या गेल्या असतील. पण बोलताना सगळं "आपल्याकडे". आपल्याकडे वरण असं नसतं. आपल्याकडे घंटागाडी वेळेवर येते. आणि त्यांच्या लेखी गाडी दोनच प्रकारची, आपल्याकडची आणि बाकीची.

मग एक परदेशी कंपनीची गाडी बघायला गेलो. पोरगा म्हणाला, पुण्याजवळच्या फॅक्टरीत बनते. माईंचा चेहरा खुलला. "पुण्याची का? मग आपलीच की."

मी म्हटलं, "माई, कंपनी परदेशी आहे. नाव वाचा."

"नाव काय घेऊन बसलात. घडली कुठे?"

"पण गाडी त्यांचीच ना."

"गुलाबराव, तुम्ही अचलपूरचे. किती वर्षं झाली भोपाळात? तुम्हाला कुणी इंपोर्टेड म्हटलं का?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून करतोय.

बोटीतून अख्खी उतरवलेली गाडी मात्र माईंना चालत नसे. "बोटीतून आलेली गाडी आणि बोटीतून आलेला जावई, दोघांचं सर्व्हिसिंग इथे होत नाही." हे त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायच्या, कारण माझं मत उलटं होतं. बाहेरची गाडी ती बाहेरची. दार लावलं की कळतं. हे मी त्यांना सांगायचो. त्या म्हणायच्या, दार काय आमच्या कपाटाचंही चांगलं लागतं.

चार इमलीच्या सरकारी बंगल्यांत एका साहेबांच्या मुलाने अशी एक बुटकी गाडी आणली होती. जुनी, पण बाहेरची. माईंना बघायला बोलावलं. गाडी इतकी बुटकी की माई आत गेल्या त्या बसल्या कमी आणि पडल्या जास्त. मांडीचा प्रश्नच नव्हता, गुडघे हनुवटीला लागले होते. तरी त्यांनी आतूनच सगळी तपासणी केली. काचा वर-खाली करायला लावल्या, हॉर्न वाजवायला लावला, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "गाडी सुंदर आहे. आता मला बाहेर काढा." आम्ही तिघांनी काढलं. बाहेर येऊन पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाल्या, "आपके बेटे को पसंद है तो रखिए. लेकिन किसी बूढ़े को मत बिठाइए. उतारने वाले साथ रखने पड़ेंगे."

सचिवालयातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माई अधीक्षक असताना त्यांची धाकटी जाऊ त्याच कचेरीत क्लार्क होती. तिचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज माईंच्या टेबलावर आला. नात्यातल्या माणसाची फाईल आपण हाताळायची नाही हा माईंचा नियम. त्यांनी तो अर्ज उचलून दुसऱ्या अधीक्षकाकडे पाठवला. तो सुट्टीवर होता. जाऊ बाळंत झाली, बाळ मान धरायला लागलं, तेव्हा रजा मंजूर झाली. जाऊ पुढे कित्येक वर्षं दिवाळीला आली की माईंशी फक्त आरशातून बोलायची. माईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. फाईल योग्य टेबलावर गेली होती.

तर एकोणीस साली मंदी आली. गाड्यांच्या धंद्यात ती आधी दिसली. होशंगाबाद रोडवरच्या शोरूममध्ये पोरं काचेला नाक लावून रस्त्याकडे बघत उभी असायची. कुणी पत्ता विचारायला आत गेलं तरी पाणी आणून द्यायची. माईंचा मुलगा नितीन अशाच एका शोरूममध्ये होता, देशी गाड्यांच्या. पंचेचाळीसचा झालेला, सज्जन, जरा हळू बोलणारा. गाडी विकणाऱ्याने हळू बोलू नये, पण तो बोलायचा. माईंनी इतक्या लोकांना देशी गाडी घ्या म्हणून सांगितलं, पण नितीनकडे जा असं एकालाही सांगितलं नाही. लोक आपणहून गेले तर गेले.

श्रावणात नितीनने घरी सांगितलं. मी तिथेच चहा पीत होतो. म्हणाला, "मालकाने सांगितलंय, दसऱ्यापर्यंत ज्याच्या नावावर बुकिंग नाही, त्याने दसऱ्यानंतर यायचं नाही."

"असं तोंडी सांगितलं?" माई म्हणाल्या.

"आई, प्रायव्हेट आहे ते. तिथे लेखी काही नसतं."

"मग होईल काहीतरी," माई म्हणाल्या. नितीनचा चहा तसाच राहिला. सगळ्यांनाच कळत होतं की या वयात, या धंद्यात, एकदा घरी बसला तर परत कुणी उठवणार नाही.

त्याच महिन्यात डॉक्टर काळे आले. डोळ्यांचे डॉक्टर, मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंदीत लोकांना गाडी परवडत नव्हती, पण मोतीबिंदू काही मंदी बघून थांबत नाही. डॉक्टरांना मोठी गाडी घ्यायची होती. एक बोटीतून आलेली, नव्या शोरूममधली. दुसरी देशी, आणि ती भोपाळात फक्त नितीनच्या शोरूममध्ये.

"माई, चला. दोन्ही बघून टाकू," डॉक्टर म्हणाले.

माई चपला घालायला उठल्या आणि परत बसल्या. "डॉक्टर, मला नाही येता येणार. दुसऱ्या दुकानात माझा मुलगा आहे. ही फाईल माझ्या टेबलावर येत नाही."

"अहो फाईल कसली, गाडी आहे."

"तेच ते."

"पण तुम्ही तर नेहमी देशीच घ्या म्हणता! मग म्हणा की."

"नेहमी म्हणते. आज नाही म्हणता येणार."

डॉक्टर हसायला लागले. त्यांना वाटलं माई गंमत करतायत. मग त्यांच्या लक्षात आलं. "मग विचारू कुणाला?"

माईंनी माझ्याकडे बोट केलं. "गुलाबरावांना विचारा. त्यांचा कुणी नातेवाईक नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला मत विचारलं. मी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या, दारं लावून बघितली, आणि डॉक्टरांना सांगितलं की बाहेरची घ्या. माझं मत तेच होतं, आधीही तेच, आजही तेच. नितीनचं मला कळत होतं. पण कुणी मत विचारल्यावर दुसरंच काहीतरी सांगायचं हे मला जमत नाही. डॉक्टरांनी बाहेरची घेतली. माईंना येऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "बरोबर केलंत. ज्याला जे वाटतं ते त्याने सांगावं." त्या दिवशी माझ्या चहात साखर नव्हती. विसरल्या असतील.

नवरात्र बसलं तरी नितीनच्या नावावर बुकिंग नव्हतं. अष्टमीला सकाळी माईंनी मला बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. "गुलाबराव, ऑटो आणा. मला गाडी घ्यायचीय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी घेऊ शकत नाही का?"

बँकेतली फिक्स त्यांनी आधीच मोडली होती. मला मनात बरं वाटलं. म्हटलं, बाई शेवटी आई आहे.

शोरूममध्ये पोचलो. नितीनने आईला बघितलं आणि धावत आला. त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, माईंना गाडी घ्यायचीय. तो इतका लाल झाला की मी दुसरीकडे बघितलं. फॉर्म घेऊन आला, पेन उघडलं.

माई म्हणाल्या, "तुम्ही बाजूला व्हा."

पोटच्या मुलाला तुम्ही म्हणाल्या. नितीनला वाटलं त्या मलाच म्हणतायत. मी बाजूला झालोही.

"आई?"

"तुम्ही माझ्या नात्यातले आहात. माझं बुकिंग दुसरं कुणीतरी करेल." आणि पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली, "बेटी, इधर आओ."

तिचं नाव फरहीन. नवीनच लागलेली. तिच्या नावावरही बुकिंग नव्हतं. तिने एकदा नितीनकडे बघितलं, एकदा माईंकडे. म्हणाली, "आंटी, नितीन सर कर देंगे ना. घर की बात है."

"इसीलिए तुम करोगी," माई म्हणाल्या.

फरहीनने फॉर्म भरला. दोनदा खोडलं. नितीन खांबापाशी उभा राहून ते बघत होता. मी माईंच्या कानाशी लागून म्हटलं, "माई, हे बुकिंग त्याच्या नावावर चढणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

त्या हळूच म्हणाल्या, "गुलाबराव, शोरूमची गाडी विकली गेली ना? शोरूम चाललं की सगळेच चालतील. कचेरी राहिली की माणसं राहतात."

सगळा जन्म सचिवालयात गेला त्यांचा. कचेरी राहते आणि माणूस जातो, असं त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. माणूस रिटायर होतो नाहीतर मरतो, मधलं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला गाडी आली. झेंडूची माळ, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. फरहीन स्वतः किल्ली द्यायला आली आणि माईंच्या पाया पडली. तिची नोकरी राहिली. नितीनला दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावून घेतलं आणि तो दुपारच्या आत घरी आला.

माई म्हणाल्या, "पण मी गाडी घेतली ना?"

नितीन म्हणाला, "घेतलीस. फरहीनकडून."

"तुझ्याकडून कशी घेणार? लोक काय म्हणाले असते?"

"लोक म्हणाले असते, आईने मुलाकडून गाडी घेतली. एवढंच म्हणाले असते, आई."

माई चहा टाकायला उठल्या आणि परत बसल्या. मी तिथून निघालो. दोन माणसं गप्प बसलेली असताना तिसऱ्याने चहाची वाट बघू नये.

गाडी खाली उभी असायची. देशी, पांढरी, मागच्या सीटवर मांडी घालता येणारी. माईंना कुठे जायचं असलं की मी चालवायचो. नितीन जिन्यातून उतरताना गाडीकडे न बघता जायचा. रोज सकाळी बाहेर पडायचा, चार शोरूममध्ये विचारून यायचा. चारही ठिकाणी आपलीच माणसं कमी करणं चाललेलं.

कार्तिकातली गोष्ट. मी खाली गाडी पुसत होतो. दूधवाला मोटरसायकलवर कॅन लावून उभा होता आणि नितीन त्याला आमची गाडी दाखवत होता. बॉनेट उघडून. मायलेज किती, मागे जागा किती, दोन सर्व्हिसिंग फुकट. हळू बोलणारा नितीन भराभर बोलत होता. दूधवाल्याला गाडी घ्यायची नव्हती. तो बिचारा नुसता मान हलवत होता. "अच्छी है भैया, बहुत अच्छी है." मी वर बघितलं. माई गॅलरीत उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्या हातातलं दुधाचं पातेलं रिकामंच होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी म्हणाल्या, "गुलाबराव, गाडी काढा. डोळे दाखवायचेत."

डॉक्टर काळ्यांच्या दवाखान्यात आम्हाला कुणीही सरळ आत सोडलं असतं. माईंनी नंबर लावला. मोतीबिंदूवाल्यांच्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून, सचिवालयात भेटायला येणारी माणसं बाकावर बसायची तशा बसल्या. नंबर आल्यावर मला म्हणाल्या, तुम्हीही चला, पायरी आहे.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, ती जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवली, एका डोळ्यावर काळी चकती घातली. "वाचा, माई."

समोरच्या पाटीवरची मोठी अक्षरं माईंनी वाचली. त्याखालची वाचली. मग थांबल्या.

"दिसत नाही?"

"दिसतंय," माई म्हणाल्या. आणि मान न वळवता, पाटीकडेच बघत म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही गाडी घेतलीत त्या शोरूमच्या मालकाशी तुमची ओळख आहे. माझ्या मुलाला तिथे लावा."

डॉक्टरांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. "अहो माई, एक फोन करायचा होतात."

"फोनवर नसतं जमलं मला."

"करतो मी. आत्ता करतो. पण ते बाहेरच्या गाड्यांचं दुकान आहे हं. तुम्हाला..."

"कसलं दुकान आहे ते मला माहीत आहे. नितीनला माझं नाव कळू देऊ नका. खालची ओळ वाचू का?"

वाचली. मी चौथीपर्यंत शिकलोय, अक्षरं मला येतात. दोन चुकीची होती. डॉक्टर म्हणाले, "सगळी बरोबर."

बाहेर काउंटरवर त्यांनी फी भरली, नको नको म्हणत असताना भरली आणि पावती मागून घेतली. गाडीत बसल्यावर ती पर्समध्ये ठेवली. दहा नंबरच्या बाजारापाशी आल्यावर म्हणाल्या, "गुलाबराव, हे नितीनला कळता कामा नये."

"नाही कळणार."

आता माई नाहीत, म्हणून लिहितोय. आणि नितीनला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तो हिंदी शाळेत शिकला. त्यामुळे मी शब्द मोडला असं होत नाही.

पुढेही मी माईंना बघितलं, गाड्या बघायला नेलं, भांडलो. पण आठवतात त्या त्या खुर्चीतल्या. पाठ ताठ, नाकावर लोखंडी फ्रेम, एक डोळा काळा झाकलेला, आणि दुसरा समोरच्या अक्षरांवर रोखलेला, जणू जे मागायचं ते तिथेच लिहिलेलं आहे आणि त्या फक्त वाचून दाखवतायत.

डोळे दाखवून आलो त्यानंतर चार दिवसांनी सकाळी मी गाडी धुवायला गेलो तर नितीन पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. त्याने मला गाडीच्या आडोशाला घेतलं. "गुलाबकाका, काम मिळालं. डॉक्टरांनी मालकाला माझ्यासाठी शब्द टाकला. स्वतःहून." मग एकदा वर गॅलरीकडे बघून आवाज खाली आणला. "पण हे आईला सांगू नका हं. तिला वशिला चालत नाही. तिला सांगितलंय, इंटरव्ह्यू देऊन लागलो."

मी म्हटलं, "नाही सांगत."

आणि एक पेढा तोंडात टाकून बादली भरायला गेलो.